बेचाळीस गोल

आमच्या खात्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: देश दरवर्षी हवेत किती कार्बन सोडतो ते मोजायचं आणि अहवाल करून जगापुढे ठेवायचा. त्यासाठी पाच टेबलं आहेत. वीज, वाहतूक, कारखाने, कचरा, आणि सगळ्यांत शेवटी, झेरॉक्स मशीन आणि स्वच्छतागृह यांच्यामध्ये, जमीन आणि जंगल. ते माझं. पहिल्या चार टेबलांवरची माणसं बेरीज करतात. मी एकटी वजाबाकी करते, कारण झाडं कार्बन सोडण्यापेक्षा जास्त गिळतात, निदान तशी अपेक्षा असते. माझा आकडा आजवर अहवालाच्या परिशिष्टात जायचा आणि तिथे सुखाने नांदायचा. त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. कारखान्यांच्या टेबलावरचा सिमेंटवाला तर मला सरळ 'माळीणबाई' म्हणायचा.

यंदा चक्रं फिरली. सरकारनं ठरवलं की देशानं कार्बन कमी करायचं जे उद्दिष्ट अंगावर घेतलंय, त्यात आता जमीन आणि जंगलही धरायचं. म्हणजे झाडांनी जितकं गिळलं, तितकी बाकीच्यांना सूट. आठवड्याभरात माझी खुर्ची बदलली, स्वच्छतागृहाचं दार नीट लागायला लागलं आणि सिमेंटवाला सकाळी स्वतःच्या हाताने चहा घेऊन आला.

"माळीणबाई, यंदा पीक कसं आहे?"

मला त्याचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मी खूश झाले. अठरा वर्षं कोपऱ्यात काढलेल्या माणसाला कोणी नुसतं 'बसा' म्हटलं तरी भरून येतं.

पण माझं सुख फार दिवस टिकायचं नव्हतं. तीनच आठवड्यांनी नकाशेवालीनं मला हाक मारली. ती आमच्याच खात्यातली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि जगातली कुठलीही गोष्ट वरून बघायची सवय लागलेली. यंदा पहिल्यांदाच विमानातून लेझर सोडून सगळ्या जंगलाची उंची मोजली होती. ती चित्रं तिच्याकडे आली होती. उंच झाडं गडद हिरवी, बुटकी आणि विरळ झाडं फिकट.

"बघ तरी," ती म्हणाली. "तुझ्या जंगलाला गोवर आलाय."

पडद्यावर दक्षिण विभाग होता. फिकट हिरव्या अंगावर गडद ठिपके. साधेसुधे नाहीत, कंपासनं काढावेत तसे नेमके गोल. मी मोजले. बेचाळीस. मग तिनं आमच्या मोजणीच्या जागांचा नकाशा त्यावर टाकला. बेचाळीसच्या बेचाळीस जागा ठिपक्यांवर चपखल बसल्या.

"निसर्ग असे गोल काढत नाही," नकाशेवाली म्हणाली. "हे उद्योग कोणाचे?"

कोणाचे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तोंडानं मी एवढंच म्हटलं, "बघते."

आता हे गोल म्हणजे काय ते सांगायला हवं. सगळं जंगल कोणी मोजू शकत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा निवडतात. प्रत्येक जागी साडेबारा मीटर त्रिज्येचा एक गोल, आणि दर पाच वर्षांनी त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच. म्हणून एक नियम कडक आहे: गोल कोणाला ओळखू येता कामा नये. झाडांना रंग नाही, पाटी नाही, कुंपण नाही. मधोमध फक्त एक लोखंडी खुंटी, तीही वीतभर जमिनीत पुरलेली, धातू शोधणाऱ्या काठीनं हुडकायची. बाकी जंगलाला जे भोगावं लागतं तेच गोलानंही भोगायचं. कुऱ्हाड, वादळ, कीड, शेळ्या, सगळं. ज्या दिवशी गोलाला वेगळी वागणूक मिळाली, त्या दिवशी ते शीत भातातलं राहिलं नाही.

दक्षिण विभागातल्या बेचाळीस खुंट्या नेमक्या कुठे आहेत, हे एकाच माणसाला पाठ होतं. माझ्या मामाला.

आईची नोकरी फिरतीची, म्हणून शाळेची आठ वर्षं मी मामाकडे काढली. तो वनखात्यात मोजणीदार होता. तीस-एकतीस वर्षं त्यानं तेच काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, उतारावर असलो तर वरच्या बाजूला उभं राहून, टेप कुठेही पीळ न पडू देता, हे मी बीजगणिताच्या आधी शिकले. मी लहानपणी झाडाला दोन्ही हातांनी कवटाळून टेप फिरवायची तर तो ओरडायचा, "ठमे, मिठी मारायची नाही! मोजायचं!" माझं नाव काही ठमा नाही, पण मामाकडे मी ठमीच. मी या खात्यात आले तीही त्याच्यामुळेच. तो जंगलात मोजायचा आणि मी कागद बघून कॉम्प्युटरमध्ये भरायची. घरचं गिऱ्हाईक, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

आमच्या संचालक मॅडमना मी चित्रं दाखवली. दक्षिण विभागाचा मोजणीदार पहिल्यापासून एकच, हेही सांगितलं.

"या माणसानं आपल्याला चांगलंच मामा बनवलं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तो माझा मामाच आहे."

"म्हणजे?"

"सख्खा. आईचा धाकटा भाऊ."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहवाल जायला नऊ दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "हे बेचाळीस गोल धरून आकडा दिला, तर आपण जगाशी खोटं बोलतो. गाळले, तर का गाळले ते लिहावं लागणार." त्यांनी कागद ओढला आणि एक वाक्य लिहून माझ्यापुढे सरकवलं. 'क्षेत्रीय कर्मचाऱ्याने केलेल्या फेरफारामुळे दक्षिण विभागातील मोजणी रद्द धरण्यात येत आहे.'

"हे छापलं तर त्याच्यावर चौकशी लागेल," मी म्हटलं.

"लागेल."

"त्यानं आयुष्यात एक आकडा खोटा लिहिलेला नाही."

"मग मला दुसरं वाक्य आणून द्या. खरं असेल असं. चार दिवस देते." मग जरा थांबून म्हणाल्या, "दुसरं कोणी गेलं तर तो बोलायचा नाही. तुम्ही गेलात तर तुम्ही बोलायच्या नाहीत, ही मला भीती आहे."

मॅडमना माणसं कळतात, हा त्यांचा एक त्रासच आहे.

बसनं तीन तास. मामाचं घर गावाच्या टोकाला, एकाला एक लागून असलेल्या आठ घरांतलं शेवटचं. मामीनं दार उघडलं आणि मला आत घेता घेताच तक्रार सुरू केली. "बरं झालं आलीस. याला समजाव काहीतरी. गुडघ्याला पट्टा बांधून अजून जंगलात जातो. माझ्या कंबरेचा घेर याला विचार, सांगता यायचा नाही. झाडांचे मात्र सगळे तोंडपाठ."

"तुझा दर वर्षी बदलतो," आतून मामा म्हणाला. "झाडं नियमानं वाढतात."

तो बाहेर आला. वर्षभरात वाळला होता, पण डोळे तसेच, आणि मला बघून इतका खुलला की माझी मान खाली गेली. "बातम्यांत ऐकलं," तो म्हणाला. "जंगल धरणार आता! उद्दिष्टात! एकतीस वर्षं लोक मला विचारायचे, बाबा रे, झाडांचे घेर मोजून कोणाचं भलं होणार आहे? आता म्हणावं, बघा. माझे गोल आता देशाच्या कामाचे." मामीनंही कौतुकानं मान हलवली. मी जेवले, भांडी पुसायला मदत केली, आईची खुशाली सांगितली. जे सांगायला आले होते ते घशाखाली ढकलत राहिले. भित्री आहे मी, पहिल्यापासून.

सकाळी तो मला सतरा नंबरच्या गोलाकडे घेऊन गेला. रस्त्यापासून वीस मिनिटांची चाल, त्याच्या गुडघ्यानं चाळीस. काठी वापरावीच लागली नाही. तो सरळ चालत गेला आणि बुटाच्या टाचेनं पाचोळा बाजूला केला. खाली खुंटी.

मी वर बघितलं. काय सांगू! एकतीस झाडं, सरळसोट, एकाच्याही अंगावर वेल नाही, एकही वाळकी फांदी लोंबत नाही. आत उभं राहिलं की गार वाटत होतं. मामा प्रत्येकाला हात लावत पुढे जात होता, शाळेतले मास्तर बाकांमधून फिरतात तसा.

"वेली कोण काढतं?" मी विचारलं.

"मी. नाहीतर कोण?"

"आणि ते वाकलेलं?"

"वादळात कललं होतं. टेकू दिला, तीन वर्षं ठेवला. आता बघ, खांब आहे नुसता." तो हसला. "कोरड्या वर्षांत पाणीसुद्धा आणलंय मी, पाठीवर कॅन घेऊन. लहान रोपांना. सगळ्या बेचाळीस गोलांत नाही जमलं, पण जमलं तिथे आणलं."

यापेक्षा सोपी वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, "मामा, विमानातून चित्रं काढलीत. तुझे गोल वरून दिसतात."

"दिसतात?" तो चक्क आनंदला. "वरून?"

"दिसायला नको होते."

मग मी सांगितलं. जंगल धरायचं म्हणजे काय, तेही सांगितलं: तुझ्या या झाडांनी जितकं गिळलं असं मी लिहीन, तितका धूर कोणीतरी सिमेंटच्या भट्टीतून सोडेल, आणि सोडायचा हक्क आहे म्हणेल. आणि तुझा एक गोल बाहेरच्या हजारो झाडांच्या वतीनं बोलतो. मामा ऐकत होता. त्याचा हात एका खोडावर होता तो तसाच राहिला.

"मी एक मिलिमीटर खोटा लिहिलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"झाड जेवढं होतं तेवढंच लिहिलं."

"हो रे. पण भात कसा शिजलाय ते बघायला शीत काढायचं, आणि तू ते शीतच वेगळं शिजवलंस."

हे बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं. मला वाटलं, आता चिडेल, निदान चिडला तर बरं होईल. पण तो मोजणीदार होता. त्यानं खिशातून टेप काढली आणि माझ्या हातात वही दिली.

"घड्याळ बघ. सेकंदकाटा कुठे आहे?"

ही त्याची जुनी पद्धत. कुठे जायचं ते आपण ठरवलं की मन चांगल्या झाडांकडे ओढतं, म्हणून दिशा काट्याकडून घ्यायची. काटा आठच्या जवळ होता. आम्ही त्या दिशेला साठ पावलं गेलो आणि तिथे मध्य धरून दुसरा गोल आखला, तेवढाच, साडेबारा मीटरचा. मोजायला सुरुवात केली. तो टेप धरायचा, मी लिहायची. झाडं भरली चौदा. घेर आतल्यांच्या निम्मे. तीन वेलींनी गळा आवळलेली. आणि नऊ खुंटं, कापलेली. मामानं खुंटंही मोजली, वाकून, गुडघा धरून, एकही सोडलं नाही. मी नको म्हणत होते.

मग तो त्यातल्याच एका खुंटावर बसला.

"ठमे, तुला एक सांगतो. कोणाला सांगितलं नाही." त्यानं चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "ठेकेदाराला तोडायला परवाना असतो. इतक्या भागातून इतकी झाडं. कुठली ते तो आणि गार्ड बघून ठरवतात. मी काय करायचो, तोडीच्या आधी जाऊन ठेकेदाराला गाठायचो. म्हणायचो, एवढा गोल सोड बाबा, तुझा आकडा बाहेरून पुरा कर. त्याला काय, झाडाशी मतलब. तो सोडायचा."

"म्हणजे गोलाच्या वाटची झाडं..."

"शेजारच्यांतून गेली. ही नऊ बघ. यातली निदान चार माझ्या आतल्यांच्या ऐवजी गेली." त्यानं शेजारच्या खुंटावर हात ठेवला. "मला आत्ता दिसतंय हे. मी कधी गोलाच्या बाहेर मान वर करून बघितलंच नाही गं. बाहेरचं जंगल म्हणजे मला गोलाकडे जायची वाट."

मी त्याच्याजवळ खाली बसले. मला त्याची भयंकर दया आली आणि माझी लाजही वाटली, कारण चौदा आणि एकतीस हे आकडे माझ्या डोक्यात एव्हाना भागाकार करायला लागले होते.

टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "पण लपवलं नाही मी. शेऱ्यात लिहिलंय सगळं. वाचलं असशील तू."

मोजणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला 'शेरा' म्हणून जागा असते. मी 'हं' म्हटलं. हे 'हं' म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम मिळालं ते हेच: दक्षिण विभागाच्या जुन्या तीन फेऱ्यांचे कागद कॉम्प्युटरमध्ये भरायचे. पुढच्या चार फेऱ्याही जशा आल्या तशा मीच भरल्या. कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नव्हता. सुरुवातीला मी कागद उलटून बघायची. 'क्र. १४ वरील वेल काढला.' मला गंमत वाटायची, मामा तो मामाच, म्हणायची, आणि पुढे जायची. साठ-सत्तर कागदांनंतर मी उलटणं बंद केलं. रकाना का नाही, असं मी कधी कोणाला विचारलं नाही. तेवीस वर्षांच्या पोरीला काम लवकर उरकायचं असतं, हे खरं. पण चाळिशीतल्या बाईनंही कुठे उलटून बघितले?

परतले त्या दिवशी घरी न जाता मी थेट खात्यात गेले आणि तळघरातल्या रेकॉर्डरूमची किल्ली मागितली. सात फेऱ्या, बेचाळीस गोल, दोनशे चौऱ्याण्णव कागद. खोक्यांवर माझ्याच अक्षरात 'भरून झाले' लिहिलेलं होतं. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि एकेक उलटायला लागले.

'क्र. २२ वादळात कलले, टेकू दिला.' 'क्र. ९ चे रोप कोमेजले होते, दोन कॅन पाणी घातले. जगले.' 'शेळ्या येत होत्या, काटे लावले.' प्रत्येक गोलाचं सगळं, तारखेसकट. दिवसभराचं काम आटपून, गुडघ्यावर पाटी ठेवून लिहिलेलं त्याचं ते गोल गोल अक्षर. फेरफार करणारा माणूस असं लिहून ठेवतो का? माझा जीव जरा हलका झाला. मॅडमना द्यायला वाक्य मिळालं असं वाटलं.

मग दुसऱ्या फेरीचा बेचाळिसावा कागद हातात आला. त्याच्या मागे लिहिलं होतं: 'तोडीच्या वेळी ठेकेदारास गोलातील झाडे सोडून बाहेरची घेण्यास सांगितले. त्याने ऐकले. हे योग्य आहे किंवा कसे, कृपया कळवावे.'

तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची.

मी तिसऱ्या फेरीचा बेचाळिसावा कागद शोधला. 'मागील शेऱ्यास उत्तर नाही. योग्य समजून तसेच चालू ठेवले आहे. अयोग्य असल्यास कळवावे.' चौथ्या फेरीचा. पाचव्या. तीच दोन-तीन वाक्यं, अक्षर दर वेळी थोडं मोठं होत गेलेलं. सातव्या फेरीच्या कागदावर, गेल्या वर्षी निवृत्त होण्याच्या आधीच्या महिन्यात, त्यानं लिहिलं होतं: 'ही माझी शेवटची फेरी. आजवर उत्तर नाही. नवीन येणाऱ्यास तरी कळवावे.'

तो कागद भरल्याची तारीख आणि खाली सही माझी होती. मी रडले. तळघरात कोणी नव्हतं, त्यामुळे चांगली मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी मी ते सहाही कागद आणि माझं वाक्य मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वाक्य एकाचं चार झालं होतं. 'दक्षिण विभागातील बेचाळीस गोल मोजणीतून वगळले आहेत. मोजणीदाराने त्यांची निगा राखली होती. तसे त्याने वेळोवेळी लेखी कळवले होते आणि हे योग्य आहे का असे विचारले होते. हे शेरे नोंदले गेले नाहीत आणि त्यांना उत्तर दिले गेले नाही. ही चूक नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे माझी आहे.'

मॅडमनी आधी कागद वाचले, सगळे, मागच्या बाजूनं. मग वाक्यं वाचली.

"हे गेलं की दोष आपल्या खात्यावर येतो."

"येतो."

"लेझरची चित्रं आणखी कोणी बघितलेली नाहीत. फेरफार म्हटलं असतं तर कोणी उलट विचारलंही नसतं. निवृत्त माणूस आहे."

"म्हणूनच, मॅडम. त्याला उत्तर द्यायचं सोडून सगळं झालंय आजवर."

त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, खोडतात. त्यांनी 'नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची, म्हणजे माझी' एवढंच खोडलं आणि वर लिहिलं, 'या खात्याची'. "अहवालात 'माझी' असं कोणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "मेमो मात्र तुम्हालाच मिळेल."

"द्या."

"देणारच आहे."

जंगलाचा आकडा घसरला, चांगला नवव्या हिश्शानं. ती जागा आता बाकीच्या टेबलांनी भरायची. सिमेंटवाल्यानं बातमी ऐकली तेव्हा तो माझ्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहिला. "माळीणबाई, तुमच्या मामानं आमच्या दोन भट्ट्या विझवल्या," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि कोणत्या दोन विझवता येतील ते खरंच बघायला लागला. माणूस वाईट नाही. दक्षिण विभागासाठी नव्या जागा निवडायचं ठरलं, नव्या खुंट्या, नवा मोजणीदार. मामाच्या एकतीस वर्षांच्या आकड्यांतला एकही आकडा यापुढे कुठल्या बेरजेत जाणार नव्हता. तक्त्यात शेऱ्याचा रकाना घातला, तो मी स्वतः घातला.

एक काम उरलं होतं. ते मी खात्याच्या छापील कागदावर केलं, जावक क्रमांक टाकून, मॅडमची सही घेऊन. टपालानं पाठवायची माझी हिंमत होत नव्हती आणि हातानं न्यायचीही. शेवटी रविवारी दुपारी बसनं गेले.

मामी बाहेर कपडे वाळत घालत होती. मामा खिडकीपाशी बाकावर बसला होता. गुडघ्याला पट्टा, पण बूट नव्हते घातलेले. मी मागच्या वेळी येऊन गेल्यापासून तो जंगलात गेलेला नाही, असं मामी म्हणाली.

"अहवाल गेला?" त्यानं विचारलं.

"गेला. तुझे गोल नाहीत त्यात. का नाहीत ते खरं लिहिलंय. तुझ्यावर चौकशी नाही, काही नाही."

त्यानं मान हलवली. मी पाकीट दिलं. त्यानं आधी जावक क्रमांक तपासला, मग तारीख, मग हात लांब करून वाचायला लागला. पत्र चारच ओळींचं होतं. 'आपण दुसऱ्या फेरीत व त्यानंतर वेळोवेळी केलेल्या विचारणेस अनुसरून कळविण्यात येते की, गोलातील झाडे राखून बाहेरची झाडे तोडण्यास सांगणे योग्य नाही. गोलातील झाडांना बाहेरच्या झाडांप्रमाणेच वागवावे. आपण विचारले होते, हे बरोबर केले होते. उत्तरास सव्वीस वर्षे उशीर झाला.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केलं.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "योग्य नाही. दोन शब्द. तेव्हा आले असते ना, ठमे, तर मी दुसऱ्या दिवसापासून थांबलो असतो."

"माहीत आहे मला."

"पहिली दोन वर्षं टपालवाल्याला विचारायचो मी. खात्याचं काही आलंय का. मग विचारायचं सोडलं. म्हटलं, कोणी काही म्हणत नाही, त्या अर्थी बरोबरच असणार."

बाहेर मामी कपडे झटकत होती, त्याचा आवाज येत राहिला. मी अजून उभीच होते. जी गोष्ट बोलायला तीन तास बसमध्ये बसून आले होते ती आता तरी बोलायला हवी होती.

"ते कागद माझ्याकडेच येत होते, मामा. मी उलटून बघितले नाहीत. माझं चुकलं."

"हो," मामा म्हणाला. "चुकलंच." आणि बाकावर जरा सरकून त्यानं मला शेजारी जागा केली.